धक्क्याखालची बाग

माझा मामा पाणबुड्या आहे. हे ऐकलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोती, बुडालेली जहाजं असलं काहीबाही येतं. मामाच्या वाट्याला आला होता बंदरातल्या तरंगत्या धक्क्याचा तळ. पाण्याखाली उताणं होऊन, तोंडाला फेस येईपर्यंत लोखंडी पात्याने शेवाळ आणि शिंपले खरवडायचे. ते पुन्हा उगवले की पुन्हा खाली जायचं. सगळं बंदर त्याला खरडमास्तर म्हणायचं. त्याला त्याचा राग नव्हता. राग यायचा माझ्या आईला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला. माझ्या भावाला नावं ठेवायची तर मीच ठेवीन, असं तिचं म्हणणं होतं आणि तो हक्क ती जेवताना रोज बजावायची.

आईचे त्याच खाडीत माशांचे पिंजरे होते. वर तरंगत्या चौकटी, त्यांना खाली सोडलेल्या जाळ्या आणि जाळ्यांत मासे. आमचं घर त्यावर चालायचं.

धक्क्याच्या एका कोपऱ्यात, उजेड जेमतेम पोचतो अशा जागी, मामाला एकदा फुलं दिसली. पांढरी, तांदळाच्या दाण्याएवढी, उलटी टांगलेली आणि पाण्याबरोबर डोलणारी. मामाने पातं आवरलं. आयुष्यभर जे दिसेल ते खरवडत आलेल्या माणसाला काहीतरी राखावंसं वाटलं, यात मला तरी नवल वाटत नाही. तो कोपरा त्याने सोडून दिला. नुसता सोडला नाही, त्याची निगा राखली. फुलांना ऐसपैस जागा मिळावी म्हणून आजूबाजूचे शिंपले तो जास्तच मन लावून काढायचा. "थंडी सरताना पाकळ्या गळतात गं," तो मला सांगायचा. "एकेक पाकळी सुटते आणि आपली आपण पोहत जाते." मी त्याला चिडवायचे, की मामा, लग्न कर, म्हणजे असले भास व्हायचे नाहीत.

बाग दरवर्षी पसरत होती. आम्ही तिला मामाची बागच म्हणायचो.

मग एका वर्षी खाडीत जेलीफिश आले. आधीही यायचे, पण तुरळक. या खेपेला पाणी दिसेना, नुसता साबुदाण्याच्या खिरीसारखा लगदा. प्रवाहाने ते आईच्या पिंजऱ्यांवर दाबले गेले, जाळीतून त्यांचे तुकडे आत गेले आणि त्यांच्या डंखाने माशांचे कल्ले भाजून निघाले. मेलेले जेलीफिश तळाशी जाऊन कुजले. त्या कुजण्याने पाण्यातला प्राणवायू संपला आणि किनाऱ्यालगतचे खेकडेसुद्धा धडपडत दगडांवर चढून बसले. आईचे दोन पिंजरे तेवढे वाचले. त्या दोनांच्या जोरावर पुन्हा उभं राहायचं, असं तिने ठरवलं होतं.

हे का झालं ते शोधायला एक संशोधक बाई आल्या. धक्क्याखाली त्यांना वाट दाखवायला मामाच गेला. आणि आपला भोळासांब, पाहुण्यांना कौतुकाने बाग दाखवून आला!

वर आल्यावर बाईंनी जे सांगितलं ते ऐकून मामा कपडेही न बदलता थेट आईकडे आला. "ताई, ती फुलं नव्हती. जेलीफिशची पिल्लावळ होती. पाकळ्या म्हणत होतो ना, ते बाळ जेलीफिश. मी पाळले ते."

आईने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती गप्प बसली. आमच्या घरात आई गप्प बसणं म्हणजे काय, ते मामाला आणि मलाच माहीत. पुढे कितीतरी दिवस ती त्याचं ताट वाढायची, पण त्याच्याशी अवाक्षर बोलायची नाही.

शेवटी बाई घरी आल्या. आईने त्यांना सरळच विचारलं, "म्हणजे हे माझ्या भावाने केलं?"

"एकट्याने कुणीच नाही केलं," त्या म्हणाल्या. "पाणी पूर्वीपेक्षा कोमट झालंय, ते जेलीफिशना मानवतं. गावाची गटारं खाडीत येतात, तुमच्या माशांचं उरलेलं खाणंही पाण्यात जातं. त्यावर बारीक जीव माजतात आणि जेलीफिशना ते आयतं मिळतं. तेच खाणारे छोटे मासे आपण जाळ्यांनी उपसले."

"त्या छोट्या माशांपासून केलेलंच खाणं तर मी माझ्या माशांसाठी विकत घेते," आई म्हणाली.

"हो. आता जेलीफिशना वाटेकरी उरला नाही. वर ते माशांची अंडीही खातात, म्हणजे मासे परत वाढायची सोय नाही. आणि चिकटायला आपणच त्यांना तळ बांधून दिलेत."

"कुठले तळ?"

"धक्क्याचा. बहुधा तुमच्या चौकटींचाही. बघावं लागेल." पाण्यात खरवडून उपयोग नाही, तुकडे पुन्हा रुजतात, असंही त्यांनी सांगितलं. तळाला लागण असेल तर अख्ख्या चौकटी किनाऱ्यावर ओढून उन्हात कडकडीत वाळवायच्या. म्हणजे वाचलेले मासे अर्धवट वाढलेलेच काढायचे आणि आईचं पुढचं सगळं गणित पाण्यात.

बघायला मामाच उतरला. वरून त्याला हवा पुरवणारी नळी धरायला बंदरातला माणूस आला होता. आईने ती त्याच्या हातातून काढून घेतली. बोलणं बंद होतं, पण भावाचा श्वास परक्याच्या हाती द्यायला ती तयार नव्हती.

मी चौकटीवर उभी होते. मामाने खाली काहीही पाहिलेलं असो, वर येऊन त्याने नाही म्हणावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. खोटं का असेना. बहिणीसाठी एवढं करायला काय हरकत होती? त्याच्याखेरीज खाली कोण बघणार होतं?

मामा वर आला. मुखवटा काढायला त्याने फार वेळ लावला. आई नळीची वेटोळी करत राहिली.

"आहेत, ताई," तो म्हणाला. "माझ्या बागेतल्यापेक्षा दाट आहेत."

आईचे हात थांबले. तिने वाचलेल्या दोन पिंजऱ्यांकडे पाहिलं. मासे खाण्याच्या आशेने वर येऊन पाणी घुसळत होते.

"दोन्हीकडे?" तिने विचारलं.

"दोन्हीकडे."

तिने नळी खाली ठेवली आणि त्याला वर घ्यायला हात पुढे केला.

"ये वर," ती म्हणाली. "आधी मासे काढू."