रफीकभाऊंचा डावा हात

रफीकभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांची वजनं घेत होते. काट्याच्या झोळीत एक पोरगी हातपाय झाडत रडत होती आणि फोनवर त्यांचा मोठा मुलगा इमरान सांगत होता, "काकू, अब्बाले टिप्परनं उडवलं... रेतीचा टिप्पर थांबवून राह्यले होते, त्यानं अंगावरच घातला. दवाखान्यात न्यायलेही काही राह्यलं नाही." पोरीला झोळीतून काढून मी मदतनीसबाईच्या हातात दिलं आणि चालतच वाशिम रोडवरच्या आमच्या पंक्चरच्या दुकानावर गेले. माझा नवरा, सुधाकर, ट्रकचं चाक आडवं टाकून टायर सोडवत होता. मी सांगितलं. त्यानं मान वर केली नाही. ट्यूब काढली, भोक शोधलं, ठिगळ लावलं, हवा भरली, चाक बसवलं. ट्रक गेल्यावर हात पुसत एवढंच विचारलं, "टिप्पर कोणाचा होता?"

रफीकभाऊ पोलीस हवालदार होते. सुधाकर रेतीचोरीतला माणूस, जेल भोगून आलेला. त्याला जेलात टाकलं ते रफीकभाऊंनीच, आणि सुधाकरला या जगात त्यांच्याइतकं जवळचं कोणी नव्हतं. रिसोडात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरच्या माणसाला मात्र पहिल्यापासून सांगावं लागेल.

मी मूळची मेडशीची. कॉलेजसाठी रिसोडला मामांकडे राहत होते. रफीकभाऊंचे वडील पिंजारी. घरोघरी जाऊन गाद्या भरायचे. एका दुपारी ते मामांच्या अंगणात कापूस पिंजायला बसले, आणि मदतीला दोन तरणे पोरगे होते. एक त्यांचा रफीक. दुसरा त्याचा मित्र, बाजारातल्या हमालाचा मुलगा. दोघं एकाच तालमीत घुमायचे. त्या दुसऱ्याच्या पापण्यांवर कापूस बसला होता आणि त्याला ते कळतच नव्हतं. मी हसले. तो सुधाकर. पुढे आमच्या भेटीगाठी, निरोप, सगळं रफीकभाऊंच्या मार्फत चाले. माझ्याशी बोलताना ते नेहमी जमिनीकडे पाहत.

सुधाकरच्या अंगात आग होती हे मला लवकरच दिसलं. जत्रेतल्या दंगलीत बाहेरगावच्या एका पहिलवानानं रफीकभाऊंचं बोट मुद्दाम उलटं पिळून मोडलं. पंच शिटी वाजवेपर्यंत सुधाकर आखाड्यात उतरला होता. त्यानं त्या माणसाच्या तोंडावर डोक्यानं धडक मारली, खाली पाडलं आणि जबडा निखळेपर्यंत मारलं. माती आणि रक्त एक झालं. त्याला ओढून काढणारे रफीकभाऊच, मोडलेलं बोट तसंच लोंबत असताना. "पंच कायले ठेवला हाय बे?" ते ओरडत होते, "त्याचं काम त्याले करू दे ना!" सुधाकर म्हणाला, "पंच पाहूनच कुठं राह्यला होता?" पुढे आयुष्यभर दोघांचं भांडण झालं ते एवढ्याच गोष्टीवरून.

आमची जात वेगळी. घरी कळलं तसं मला मेडशीला नेऊन खोलीत कोंडलं. रफीकभाऊंची पोलीस भरतीत निवड झाली होती, हजर व्हायचं बाकी होतं. मारामारीत नाव आलं असतं तर नोकरी गेली असती. तरी ते चुलत्याची जीप घेऊन आले. मी परसदारातून पळाले आणि आम्ही जऊळक्याच्या स्टेशनावर पोहोचलो. गाडी समोर दिसत होती तेवढ्यात माझे दोन्ही भाऊ फलाटावर आले. मोठ्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. पहिला घाव सुधाकरच्या डोक्यावर पडणार होता, तो रफीकभाऊंनी स्वतःच्या कपाळावर घेतला. डोळ्यांत रक्त उतरत असताना त्यांनी मोठ्या भावाला कंबरेत धरून उचललं, आपटलं आणि वर बसले. "चढा गाडीत! पाहून काय राह्यले?" धाकटा त्यांच्या पाठीत लाथा घालत होता. गाडी हलली तरी त्यांनी पकड सोडली नव्हती. इज्जतीपायी माझ्या भावांनी तक्रार केली नाही, आणि रफीकभाऊ कपाळाला पट्टी बांधून नोकरीवर हजर झाले.

काही वर्षं अकोल्यात काढून आम्ही रिसोडला परतलो. सुधाकर नदीवर रेती भरायला जाऊ लागला. आधी मजूर, मग टिप्परवर ड्रायव्हर, मग ठेकेदाराचा उजवा हात. रेतीच्या घाटावर कोणी आडवं आलं की ठेकेदार सुधाकरला पुढे करायचा. माझ्यावर त्यानं कधी हात उचलला नाही. पण घरी येऊन तो हात धुवायचा तेव्हा मोरीतलं पाणी लाल झालेलं मी पाहिलं आहे. विचारलं तर म्हणायचा, "कोणी मेलं नाही न? मंग."

रफीकभाऊ सणावाराला यायचे, त्यांच्या बायकोनं, शमीमभाभींनी दिलेला डबा घेऊन. दोघं जेवायचे, जुन्या गोष्टी काढायचे, आणि उठताना भाऊ म्हणायचे, "सुद्या, सोड हे. एक दिवस माह्याच ठाण्याच्या हद्दीत सापडशीन." सुधाकर हसायचा. "मंग त घरच्यासारखंच झालं."

मग तो दिवस आला. एका तलाठ्यानं घाटावर टिप्पर अडवले. चावी काढून खिशात घातली आणि देईना. सुधाकरनं त्याला फावड्याच्या दांड्यानं मारलं, तो खाली पडल्यावरही मारलं. तलाठ्याचा एक डोळा गेला. सुधाकर पळाला आणि मेडशीजवळ एका तुरीच्या शेतात, विहिरीवरच्या खोलीत जाऊन लपला. मला जागा ठाऊक होती. रफीकभाऊ घरी आले, पाणीही घेतलं नाही. "वैनी, त्याले म्हणा हजर हो. माह्यासोबत चाल. कोणी हात नाई लावणार."

मी निरोप नेला. सुधाकर म्हणाला, "रफ्याले सांग, मले धरायले दुसऱ्याले पाठव. त्यानं येऊ नये."

हे मी रफीकभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "दुसरा गेला त त्याले जिता आणणार नाई, वैनी. तलाठ्याचा डोळा गेला, सगळे खवळून हायेत. म्हणून मीच जाईन."

ते त्याला धरायला गेले त्या दुपारी मी तिथंच होते, डबा घेऊन गेलेली. तूर डोक्याएवढी उभी होती. इतर पोलिसांना बांधावर थांबवून रफीकभाऊ एकटे, रिकाम्या हातानं सरीतून चालत आले. "चाल, सुद्या. पह्यले भाकर खाऊ, मंग जाऊ." सुधाकर फावडं घेऊन उभा होता. "रफ्या, मांगं जा." ते थांबले नाहीत. "मांगं जा म्हणतो ना!" ... फावड्याची धार त्यांच्या डाव्या खांद्यात, मानेजवळ बसली. वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा हाड मोडल्याचा आवाज आला. मी किंचाळले. रफीकभाऊ गुडघ्यावर आले, पण उजवा हात त्यांनी सुधाकरच्या मानेत घातला होता. त्याला घेऊनच ते आडवे झाले. तोवर बाकीचे धावत आले आणि सुधाकरवर काठ्या पडू लागल्या. डोक्यावर, बरगड्यांवर, कुठंही. तेव्हा रफीकभाऊ त्याच्यावर उपडे पडले. "बस करा! सापडला तो! बस करा!" दोनतीन काठ्या त्यांच्या पाठीवर आणि कानावर बसल्या तेव्हा कुठं हात थांबले. दोघांना वेगळं केलं तर सुधाकरचं तोंड पूर्ण लाल होतं. ते रक्त त्याचं नव्हतं.

हाड जुळलं, पण खांद्यातली नस तुटली होती. डावा हात त्यानंतर कधी वर गेला नाही. बोटं तेवढी थोडी हलायची.

खटल्यात त्यांची साक्ष मोठी होती. घाटावरच्या हल्ल्यानंतर तिथं पहिले पोहोचले ते, आणि जखमी तलाठ्यानं त्यांनाच सुधाकरचं नाव सांगितलं होतं. सुधाकरच्या वकिलानं मला त्यांच्याकडे पाठवलं, नाव नीट ऐकू आलं नाही एवढंच म्हणा म्हणून. मी गेले. शमीमभाभी त्यांना भाकर मोडून देत होत्या. ते म्हणाले, "वैनी, तो तलाठी रोज कोर्टात येऊन बसते. एका डोळ्यानं माह्याकडं पाह्यते. मी काय सांगू त्याले?" मी उठले. भाभी दारापर्यंत आल्या आणि माझा हात धरून रडल्या. साक्ष झाली, सुधाकरला शिक्षा झाली. पिंजऱ्यातून उतरताना तो रफीकभाऊंकडे पाहून म्हणाला, "हात कसा हाय?" पाठ फिरवून भाऊ कोर्टाच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

सुधाकर आपलं नाव घेईल ही भीती ठेकेदाराला होती. त्याची तीन माणसं एका सकाळी माझ्या घरात शिरली. शेगडी लाथाडली, माझे केस धरून मला चौकटीवर आपटलं, "नवऱ्याले तोंड बंद ठेवायले सांग" म्हणाले. शेजारणीनं फोन केला आणि रफीकभाऊ आले, गणवेश न घालता, एकटे. एक हात निकामी, तरी त्यांनी पहिल्याचं डोकं भिंतीवर असं आदळलं की नाक फुटून तो खालीच बसला. दुसऱ्याचं मनगट पिरगाळलं. तिसरा पळाला. नंतर माझी तक्रार त्यांनी समोर बसून लिहून घ्यायला लावली आणि लिहिणाऱ्याला म्हणाले, "नाक म्या फोडलं, हे पण लिही." "काहून भाऊ?" मी विचारलं. "आज मी पोलीस नोतो, वैनी. तुमचा दीर होतो. मारलं त मारलं." त्यापायी त्यांना काही दिवस घरी बसावं लागलं.

सुधाकर सुटून आला तेव्हा केस पांढरे झाले होते. रेतीकडे तो वळला नाही. पंक्चरचं दुकान टाकलं. रफीकभाऊ पहिल्यांदा दुकानावर आले तेव्हा मला धडकी भरली होती. सुधाकरनं त्यांना बसायला टायर सरकवला. दोघं रस्त्याकडे पाहत बसून राहिले. मी चहा केला. कप उचलताना भाऊंचा तो हात मांडीवर पडलेलाच होता आणि सुधाकरची नजर त्यावर. "साखर जास्त झाली काय?" भाऊंनी विचारलं. "नाई." एवढंच.

दफनाच्या दिवशी सुधाकरनं खांदा दिला. कबरीवर माती टाकताना काही लोक त्याच्याकडे रागानं पाहत होते. इमराननं त्यांना हातानं थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुधाकरनं मोटरसायकल बाहेर काढली. मी मागे बसले.

"उतर."

"नाही उतरत."

नदीकाठी एक बंद पडलेली वीटभट्टी आहे. रेतीवाले ड्रायव्हर अडचणीत आले की तिथं दडतात, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? रफीकभाऊंना उडवणारा ड्रायव्हर तिथंच होता. चाळिशीचा, दाढी वाढलेला. एकेकाळी सुधाकरनंच त्याला टिप्पर चालवायला शिकवलं होतं. "उस्ताद," तो हात जोडून म्हणाला, "मालकानं सांगतलं होतं, थांबू नको." सुधाकरनं त्याला काहीही विचारलं नाही. मारत सुटला. आधी हातांनी, मग विटेनं. त्या माणसाचा गुडघा फुटला, दात मातीत पडले. मी सुधाकरचा सदरा ओढत होते, तो फाटून माझ्या हातात आला. शेवटी त्यानं वीट दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. खाली तो माणूस डोळे मिटून आईचं नाव घेत होता. वीट वरच होती... किती वेळ, सांगता येत नाही. मग सुधाकरनं ती बाजूला टाकून दिली, फाटक्या सदऱ्यानं त्याचा गुडघा बांधला, ऑटो बोलावला आणि त्याला ठाण्यात नेऊन बाकावर बसवलं. "हा रफीक हवालदाराचा खुनी," तो म्हणाला, "आन हे असं म्या केलं."

त्यालाही आत घेतलं. जुना गुन्हेगार म्हणून जामीन अजून झालेला नाही. गजाआडून मी त्याला विचारलं, तुम्ही थांबलात कसे?

"मारून टाकलं असतं," तो म्हणाला, "त मले धरायले आता कोण येणार होतं?"

दुकान सध्या मी उघडते. पंक्चर काढायला एक माणूस ठेवला आहे. आत, सोल्यूशनच्या डब्यांमागे, जवसाच्या तेलाची एक बाटली आहे. थंडी पडली की रफीकभाऊंचा तो हात ठणकायचा. ड्यूटी संपवून ते यायचे, एका हातानं गणवेशाच्या गुंड्या सोडायचे आणि उन्हात बसायचे. सुधाकर काळे हात साबणानं धुवायचा, तेल कोमट करायचा आणि खांद्यापासून बोटांपर्यंत तो हात चोळत बसायचा. गिऱ्हाईक थांबलं तर थांबायचं. गेल्या हिवाळ्यात एक परगावचा ट्रकवाला चाकाची वाट पाहत उभा होता. त्यानं सहज विचारलं, "हवालदारसाहेब, हाताले काय झालं?"

सुधाकर थांबला. रफीकभाऊंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. डोळे मिटून, तोंड उन्हाकडे करून ते म्हणाले, "जलमापासून असाच हाय, बापा."

ट्रकवाला बरं म्हणून सावलीला गेला. सुधाकरनं तळहातावर आणखी तेल घेतलं.