यादीत न बसणारी तन्वी

“अहो, हिला कशाला आणलंत? फक्त कागद हवे होते!”

बाळारामदादा धापा टाकत दारात उभे होते. बिल्डिंगची लिफ्ट बंद. चौदा वर्षांच्या तन्वीला उचलून ते दोन जिने चढून आले होते.

“पेशंट दाखवल्याशिवाय काम होत नाय ना साहेब. अपंगाच्या सर्टिफिकेटच्या टायमाला तीन वेळा नेली हिला.”

मी नवीन पनवेलमध्ये टॅक्स कन्सल्टंट आहे. दादा जवळच्याच नेरे गावचे, कंपनीत नोकरीला. तन्वीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे हातपाय मेंदूचं ऐकत नाहीत. घरात अशी दिव्यांग व्यक्ती अवलंबून असेल, तर जुन्या टॅक्स पद्धतीत उत्पन्नातून ठरावीक रक्कम वजा होते. कलम ८०डीडी. वाचलेल्या टॅक्समध्ये तिच्या थेरपीचे चार-सहा महिने सहज निघाले असते. तेवढ्यासाठीच ते आले होते.

रिटर्न भरायची मुदत संपत आली होती, मी घाईत होतो. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर नात्याच्या रकान्यात ‘डॉटर’ निवडलं आणि तन्वीचं सर्टिफिकेट उघडलं. वडिलांचं नाव वेगळंच.

“दादा, हे कोण?”

“ते मागनं बोलू आपन.” त्यांनी डोळ्यांनी खूण केली.

मला वाटलं, माणूस काहीतरी लपवतोय. अशी बरीच बघितलीत. मी आवाज चढवला. “मागनं काय? मुलगी आहे की पुतणी?”

त्यांनी तन्वीकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, “धाकल्या भावाची. तो गेला तवा ही सा म्हयन्यांची होती. आमीच वाढवली.”

“मग नाही बसत. कायद्याच्या यादीत भाऊ आहे, बहीण आहे. भावाची मुलगी नाही.”

तन्वीची मान एका बाजूला कलली होती, ओठांतून लाळ येत होती. हिला काय कळणार, असं मी धरूनच चाललो होतो. या आजारात बुद्धी शाबूत असू शकते, हे मला माहीत असूनही.

“पप्पा...” एकेक अक्षर ओढत ती म्हणाली, “माझे... पप्पा... मेले?”

“मी हाय ना बाय. हा काय, हितंच हाय.”

ती रडायला लागली. तो आवाज मी विसरू शकत नाही. दादा तिला पोटाशी धरून जिना उतरले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला स्वतःची किळस आली.

रिटर्न मी वजावटीशिवाय भरला. कायद्याप्रमाणे तेच बरोबर होतं. फी घेतली नाही, त्याने काय होणार होतं!

महिन्याभराने फोन केला. थेरपी कशी चाललीय, विचारलं.

“बंद हाय साहेब. मला उचलू देत नाय ती. आनि दुसरं कोन उचलनार?”

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: क्लायंटने डोळ्यांनी खूण केली, की आधी तोंड बंद करा. कलम कुठे पळून जात नाही.