कुठंच न जाणाऱ्या गाडीचा शाम्पू

आमच्या घरी गाडी आली तेव्हा तिच्याबरोबर एक कापडी कव्हर आलं आणि तिला काय लावून धुवायचं हा प्रश्न आला. गाडी चालवायची कोणी, हा प्रश्न त्या दिवशी कोणालाच पडला नाही, कारण यांच्याकडे लायसन्स होतं. आमचे हे नांदेडला हायस्कुलात विज्ञान शिकवतात. ड्रायव्हिंग स्कूलमध्येही त्यांनी गिअरची आकृती वहीत काढून घेतली होती, रंगीत पेनानं.

पहिल्याच आठवड्यात हे मला घेऊन वजिराबादच्या बाजारात गेले. एका बोळात समोरून टमाट्यांचा हातगाडा आला, म्हणून गाडी मागे घ्यायला लागले. चार माणसं 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत हात हलवत होती आणि पाचवा 'थांबा' म्हणत होता, तो नेमका यांना दिसला नाही. मागच्या केळीवाल्याच्या गाड्याला गाडी नुसती टेकली. नुकसान काही झालं नाही, केळीवाला फक्त हसला. पण ते हसणं यांच्या मनाला फार लागलं. घरी आल्यावर त्यांनी कव्हर घातलं, आणि तेव्हापासून गाडी दर रविवारी फाटकापर्यंत पुढे आणि जिन्यापर्यंत मागे एवढीच फिरायला लागली. बॅटरी उतरू नये म्हणून.

आता जी गाडी कुठंच जात नाही ती मळेल किती? पण नांदेडची धूळ कव्हरच्या आतसुद्धा वाट काढते, आणि हे त्या धुळीची रविवारपर्यंत वाटच बघत असायचे. सुरुवातीला त्यांनी माझ्या कपड्यांच्या पावडरनं गाडी धुतली. शेजारचे निवृत्त इंजिनियर कंपाउंडवरून म्हणाले, "सर, गाडी धुऊन राहिले का सोलून राहिले? त्या पावडरीनं चमक जाते तिची." मग माझं भांड्यांचं लिंबाच्या वासाचं लिक्विड गेलं. तेही वाईट, असं त्यांना मोबाईलवर कुणीतरी सांगितलं. रंगावरचा मेणाचा थर म्हणे त्यानं निघून जातो. माझ्या हातावरचा कुठला थर इतकी वर्षं निघत होता, ते मी विचारलं नाही.

मग हे बसस्टँडजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जायला लागले. दुकानदारानं पहिल्यांदा एक मोठी काळी बाटली दिली. "वॉशिंग सेंटरवाले हेच वापरतेत सर. ग्रीस म्हणू नका, डांबर म्हणू नका, समदं निघतं." समदं निघतं म्हटल्यावर हे घाबरले. घरी आणून त्यांनी शाळेतला लिटमस कागद काढला आणि माझ्या आमटीच्या वाटीत एक टोपण ओतून परीक्षा घेतली. कागद गडद निळा झाला. बाटली माळ्यावर गेली आणि वाटी मी गाडीलाच देऊन टाकली. त्यानंतर एक मेणवाला शाम्पू आला, एक नुसताच फेसवाला आला, आणि शेवटी रोजच्या धुण्याचा एक सौम्य शाम्पू आला. त्यात ना निळा कागद लाल झाला, ना लाल कागद निळा. त्या दिवशी हे जेवताना दोन वेळा स्वतःशीच हसले.

मग गाडी धुण्याचा विधी ठरला. सकाळी सावली असेपर्यंतच धुवायचं. एक बादली फेसाची आणि एक नुसत्या पाण्याची. धुणं छतापासून खाली, चाकं सगळ्यात शेवटी. आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात म्हणून लगेच मऊ फडक्यानं पुसायचं. मुलगी झाली तेव्हा तिच्या आंघोळीला यांनी एवढं लक्ष घातल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं चालू असताना दर रविवारी माझ्या वडिलांचा फोन यायचा. आमचं गाव उदगीरच्या अलीकडे. अण्णा तिथं माझ्या भावाजवळ राहतात. सगळी हयात शेतात गेली, आता गुडघे गेले. एसटीची पायरी चढवत नाही आणि भावाच्या मोटारसायकलवर पाय टाकता येत नाही.

"काय करायलेत पाव्हणं?" अण्णा विचारायचे.

"गाडी धुवायलेत."

"मंजे निघायलेत व्हय इकडं?"

"नाही अण्णा. नुसती धुवायलेत."

मला माहीत होतं अण्णांना काय हवंय. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं आडत दुकान ठरलेलं. माल घालायचा तिथं आणि माल नसला तरी बसायचं तिथंच. गुडघे गेल्यापासून ते मोंढ्यात गेले नव्हते. त्यांना एकदा त्या दुकानासमोर लेकीच्या गाडीतून उतरायचं होतं, एवढंच. भावानं रिक्षा करून नेतो म्हटलं होतं, भाड्याची जीप करतो म्हटलं होतं. त्यावर अण्णांचं उत्तर होतं, "भाड्याच्या गाडीतून उतराया मी काय पेशंट हाय?"

मी यांना ते सांगितलं होतं, एकदा नाही, अनेकदा. हे नाही कधीच म्हणाले नाहीत. जाऊ की, म्हणायचे. मग कंधारच्या पुढचा रस्ता खोदलेला निघायचा, ऊन निघायचं, पाऊस निघायचा, शाळेची तपासणी निघायची. एकदा तर नवीन शाम्पू लावलाय, त्याचा थर नीट बसू दे, असंही निघालं. मला राग यायचा. माणूस भितो तर भितो म्हणावं, पण थर बसू दे म्हणू नये.

शेवटी मी शेजाऱ्यांना सांगून एका दिवसाचा ड्रायव्हर ठरवला. यांना आदल्या संध्याकाळी कळवलं. हे चांगलं झालं म्हणाले, आणि खरंच त्यांचा चेहरा हलका झाला. सकाळी ड्रायव्हर आला. भला माणूस होता, फक्त त्याच्या तोंडात गुटखा होता आणि बोटात जाडजूड अंगठी. नमस्कार करून तो बॉनेटला टेकला, अंगठीच्या हातानं त्यावर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "मस्त ठिवली की सर गाडी." मग तोंडातलं कुठं टाकावं म्हणून इकडंतिकडं बघायला लागला.

हे घरात गेले, चपला काढून बूट घातले, बाहेर येऊन त्याला दिवसाचे सगळे पैसे दिले आणि म्हणाले, "आज मीच नेतो."

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. कंधार, जांब, जळकोट करत आम्ही इतक्या बेतानं चाललो होतो की सोयाबीन भरलेला एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला आणि पुढं चहाला थांबला म्हणून परत मागे पडला. यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून एकदाही काढले नाहीत. नाक खाजलं तेसुद्धा मी खाजवलं. पण बोलले मात्र नाहीत, की परत फिरू. मला त्यांचा घामेजलेला कान दिसत होता, आणि मला त्या कानाबद्दल एकदम फार माया वाटली.

गावाच्या वाटेवर आदल्या रात्रीच्या पावसानं काळा चिखल झाला होता. घरासमोर थांबलो तेव्हा खालची अर्धी गाडी पांढरी राहिली नव्हती. यांनी उतरून तिच्याकडं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं. तेवढ्यात अण्णा काठी टेकत ओट्यावरून खाली आले. भावजयीच्या हातात ताट होतं. त्यात तेलात कालवलेलं कुंकू. अण्णांनी काठी माझ्याकडं दिली, एका हातानं गाडीचा आधार घेतला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं बॉनेटच्या मधोमध भलंमोठं स्वस्तिक काढलं. स्वस्तिकाची एक भुजा सरळ दिव्याच्या काचेकडं निघून गेली. तेलाचा एक ओघळ खाली आला. मी यांच्याकडं बघायचं टाळलं.

मग अण्णांना मोंढ्यात न्यायचं ठरलं. पुढचं दार उघडलं, तर अण्णांनी देवळात जाताना काढतात तशा चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी आत बसले. चिखलानं भरलेल्या त्या चपला तिथंच राहिल्या. गाडीत बसण्याआधी मला पाय पुसायला लावणारा हा माणूस खाली उतरला, वळसा घालून आला, त्या चपला उचलल्या आणि अण्णांच्या पायापाशी गाडीत ठेवल्या. "मामा, तिथं उतरल्यावर लागतील की," एवढंच म्हणाले.

आडत दुकानासमोर पोत्यांवर अण्णांच्या वयाची तीन-चार माणसं बसली होती. त्यांनी वर पाहिलं नाही. अण्णा उतरले नाहीत. हळूच म्हणाले, "पाव्हणं, जरा हारन वाजवा."

यांनी हॉर्न वाजवला. नांदेडहून निघाल्यापासून पहिल्यांदाच. मग अण्णा उतरले, आणि गुडघ्यांना जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ घेऊन उतरले. "लेकीची गाडी हाय," ते कोणी न विचारता म्हणाले. "जावई सोता चालवत आणलेत." आम्हाला चहा आला, तो संपल्यावर दुसरा आला. अण्णा पोत्यावर बसून सोयाबीनच्या भावावर बोलले, पावसावर बोलले, आणि अधूनमधून गाडीकडं बघत राहिले.

घरी परतल्यावर पुढच्या रविवारी यांनी गाडी धुतली. चिखल गेला, काचेवरचे किडे गेले. स्वस्तिकाभोवती मात्र त्यांनी फडकं अगदी जपून फिरवलं. मग संध्याकाळी दुकानात गेले. मीही सोबत होते, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं. आजवर प्रत्येक बाटलीनं काय काय निघतं ते विचारणारे हे, त्या दिवशी विचारत होते की तेलातलं कुंकू कशानं निघत नाही.

दुकानदार गोंधळला. "निघत न्हाई असा शाम्पू कोण मागतं सर? हा तुमचाच घ्या, सौम्य वाला. टोपण अर्धंच टाका. राहील लई दिवस."

आणि ते राहिलं. लई दिवस राहिलं. तिथंच माझी पंचाईत झाली. कारण गाडी पुन्हा फाटक ते जिना करायला लागली होती. अण्णांचा फोन यायचा, पाव्हणं काय करायलेत, आणि मी सांगायची, गाडी धुवायलेत. आता हे म्हणायचे, जाऊन आलोय की आत्ताच, पूजा झालीय गाडीची. पुन्हा कंधारच्या पुढचा रस्ता खोदलेला निघाला. अण्णा फोनवर म्हणाले, मोंढ्यातली मंडळी इच्यारतेत, गाडी परत कवा येणार म्हणून. मंडळी विचारत नव्हती, हे मला कळत होतं.

एका दुपारी हे शाळेत असताना मी माळ्यावरून ती काळी बाटली काढली. कव्हर बाजूला केलं. कुंकू पुसायचं नसतं, असं आईनं लहानपणापासून शिकवलेलं, म्हणून आधी हात जोडले. आणि मी काही पुसलं नाही. मी फक्त त्या आमटीच्या वाटीत थोडा फेस केला, स्वस्तिकावर ठेवला, थोडा वेळ तुळशीपाशी जाऊन उभी राहिले आणि मग वरून तांब्याभर पाणी सोडलं. समदं निघतं म्हणणारा दुकानदार खोटं बोलत नव्हता. तिथं फिक्कट गुलाबी सावली तेवढी राहिली, आणि ती लांब भुजा.

रविवारी हे बराच वेळ बॉनेटसमोर उभे राहिले. बोअरच्या पाण्याला दोष दिला, मग शाम्पूला दिला, मग लिटमस कागद आणून परत परीक्षा घेतली. शाम्पू निर्दोष सुटला. मी वाल सोलत बसले होते, मान वर केली नाही.

"असं अर्धवट बरं दिसत नाही," शेवटी हे म्हणाले. "आणि नवं आपण काढून चालणार नाही. मामांनीच काढायला पाहिजे."

"मग काय करायचं?"

"काय म्हणजे? जावं लागेल." आणि स्वतःच फोन लावला. "मामा, पुढच्या रविवारी येतोय. कुंकू कालवून ठेवा."

अण्णांचा आवाज मला वाल सोलता सोलता ऐकू आला. "हाव, हाव. मंडळीला सांगून ठिवतो."

हे आंघोळीला गेल्यावर मी माळ्यावर चढून ती काळी बाटली हलवून पाहिली. अजून बरीच भरलेली आहे. ती मला पुरी संपवायची आहे, आणि दुसरी आणायची आहे, अण्णा असतानाच.