तळ्याकाठचा हॉर्न

न्यूझीलंडमधल्या त्या दिवशी सकाळपासून नवरा कॅम्परव्हॅन नुसता पळवत होता. धबधब्याला दहा मिनिटं, चर्चला पाच. दुपारी एका तळ्याशी थांबलो, तेव्हा माझ्या आईने बूट-मोजे काढून पाण्यात पाय सोडले. इतका निवांत चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात त्याने हॉर्न वाजवला. आई दचकून उठली आणि ओल्या पायांवरच मोजे चढवू लागली.

मी तणतणत गेले आणि गाडीची किल्ली काढून घेतली. "माझ्या आईला हॉर्न वाजवून बोलावतोस?"

"अगं, असू दे. उशीर होतोय ना," आई मागून म्हणाली.

माझा संताप आणखीच उसळला. आयुष्यभर ती अशीच हाकेसरशी उठत आली होती, आणि त्यातल्या कितीतरी हाका माझ्या होत्या.