स्वयंपाकघरातून आलेलं व्याज

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो — पण मधे बोलू नका, नाहीतर राहूनच जाईल.

चौथी नापास माणूस मी. धुळ्याकडून सुरतेला आलो, कापडाच्या लूमवर राबलो, आणि आता चीनमधून एम्ब्रॉयडरी मशीनचे पार्ट मागवतो. ताठ मानेनं! एकदा कस्टमनं ड्युटी जास्तीची घेतली. परत मागितली, तर हो म्हणाले — पण पैसे काही येईनात. वर्ष गेलं. शेवटी मुद्दल आलं आणि मी पेढे वाटले.

तेव्हा माझी शिकलेली सून म्हणाली, "आबा, अर्ज देऊन तीन महिने उलटले की पुढचं व्याज सरकारला द्यावं लागतं. मागू या ना."

मी हसलो. सरकार कधी व्याज देतं का? तिनं अर्ज लिहिला, मी मेहेरबानी केल्यासारखी सही ठोकली. आणि आलं की हो व्याज!

मग मी काय केलं? मार्केटात सांगितलं — कायदा मीच शोधून काढला! लोक घरी विचारायला यायला लागले. आमच्यात सून सासऱ्याच्या पाहुण्यांपुढे येत नाही. किती सोयीचं! कुणी अवघड विचारलं की मी म्हणायचो, "थांबा, पाणी पिऊन येतो." आत जायचं, कणीक मळणाऱ्या सुनेला विचारायचं, आणि तेच बाहेर येऊन मिशीला पीळ देत सांगायचं. इतकं पाणी, की एक गुजराती कापडवाला कळवळून म्हणाला, "काका, तमने डायाबिटीस छे!" आत सून खुदकन हसली. मलाही अजून हसू येतं.

पण सांगायचं ते हे नाही...

एक दिवस ती म्हणाली, "आबा, खालच्या गाळ्यावर माझ्या नावाची पाटी लावू? लोकांचे रिफंडचे अर्ज करीन." मला ठाऊक होतं, चालेल. धडाक्यात चालेल. आणि मग मला कोण विचारणार? मी म्हणालो, "तुला काय कळतं गं त्यातलं?" — तिच्या तोंडावर, तिच्या नवऱ्यासमोर. त्यानंही मान डोलावली.

गाळा मी भाड्यानं देऊन टाकला. ती आता सकाळी डबा घेऊन पलसाण्याला जाते, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये दुसऱ्याचे हिशेब लिहायला.

त्यातलं सगळं तिलाच कळत होतं. आणि हे मला, तसं बोलताना, पक्कं ठाऊक होतं.