खांबाजवळचा नारळ

भाऊ गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडते, दोन पानं होतात न होतात तोच उठते. गॅस बंद आहे का बघते, फाटकाची कडी बघते, परत येते तर वाचत होते ती ओळ सापडत नाही. जन्मभर वाचण्याशिवाय फारसं काही न केलेल्या बाईची ही गत. शाळेतही तास संपला की स्टाफरूममध्ये जायचं सोडून मी मैदानाला चक्कर मारते. मैदान त्याचं होतं.

कंधारच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची शाळा आहे. मी तिथे मराठी शिकवते. माझा धाकटा भाऊ तिथेच खेळाचा शिक्षक होता. आम्ही मूळचे जळकोटकडचे, तिकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, त्यामुळे तो मला अक्का म्हणायचा, आणि त्याचं ऐकून निम्मी शाळा. जूनमध्ये शाळा उघडली आणि त्याला कावीळ झाली. पंधरा दिवसांत, नांदेडच्या दवाखान्यात, तो गेला. त्याबद्दल इथे यापेक्षा जास्त लिहिणं मला जमणार नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मुख्याध्यापकांनी बोलावलं. तालुक्यातल्या मुलींच्या खो-खोच्या स्पर्धा यंदा आमच्याकडे होत्या आणि खेळाचा नवा शिक्षक अजून मिळाला नव्हता.

"म्याडम, सरांची वही तुमच्यापाशी हाय ना?"

"आहे. पण मला खेळातलं काही कळत नाही."

"कळायचं काय त्यात? लिहिलंय तसं करायचं. वही हाय म्हणजे सगळं हाय."

ती वही हजेरीपुस्तकासारखी लांब, पुठ्ठ्याची. प्रत्येक स्पर्धेला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर लिहिलेलं असे 'आधी' आणि उजव्यावर 'नंतर'. 'आधी'मध्ये काय काय तपासायचं ते, 'नंतर'मध्ये काय चुकलं ते. उजवी पानं तो स्पर्धेच्या दिवशी संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहायचा. चहा बशीत ओतून, पेन कानावर ठेवून, "अक्का, आज एक घोळ झाला बघ" अशी सुरुवात करून. मी भाजी चिरत हो हो म्हणायचे आणि अर्धं ऐकायचे. आता ती पानं माझ्याच्याने वाचवेनात. त्याचा आवाजच कानात यायचा. म्हणून वही उघडली की उजव्या पानावर मी एक कोरा कागद ठेवायचे आणि फक्त डावी बाजू वाचायचे. नियोजनाला तेवढं पुरेल असं मी स्वतःला सांगितलं होतं.

डाव्या बाजूला नुसते हुकूम होते. खांब स्वतः हलवून बघणे. मैदानावर पाणी आदल्या संध्याकाळी, सकाळी नको. अनवाणी चालून बघणे. बारा ते तीन सामना नाही. मुलींनी सकाळी काय खाल्लं, विचारणे. नर्सबाई पहिल्या शिट्टीआधी हजर. जीपचा ड्रायव्हर कुठे जेवतो ते माहीत असावं. नारळ गेटवर, मैदानात नाही.

मी हे सगळं नीट अक्षरात, मथळे देऊन, दुसऱ्या कागदावर उतरवलं. नारळाच्या ओळीशी थांबले.

त्या ओळीवरून आमचं भांडण झालं होतं. दोन वर्षांपूर्वी संस्थेचे अध्यक्ष उद्घाटनाला आले होते. आमच्याकडे मैदानाची पूजा खांबापाशीच करतात. खांबाला हळदकुंकू, बुडाशी दगड आणि त्यावर नारळ. भावाने त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत परत नेलं आणि तिथे नारळ फोडायला लावला. अध्यक्षांचं तोंड उतरलं. घरी आल्यावर मी त्याला म्हणाले होते, "लोकांच्या देवाधर्मात तुला कशाला पडायचं? म्हातारा माणूस, मनाला लावून घेतलं त्यांनी."

तो म्हणाला, "अक्का, तू वहीत वाच."

मी वाचलं नाही. त्याला मुद्दा पटवून सांगायला जमायचं नाही आणि मला वाटलं, हा त्याचा नुसता हट्ट आहे.

तेव्हा आता मी ती ओळ गाळली. मेलेल्या माणसाबद्दल कुणाच्या मनात अढी राहू नये एवढाच विचार होता. उलट शाळेने ठरवलं, त्याचा हार घातलेला फोटो मैदानात खुर्चीवर ठेवायचा आणि त्याच्या नावाने अध्यक्षांच्या हस्ते नारळ फोडायचा, खांबापाशीच. बुडाशी ठेवायचा दगड मी स्वतः धुऊन ठेवला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी मैदानावर सहा वेळा गेले. फक्कीच्या रेषा पडल्या होत्या. खांब हलवून बघितले, मग घरी गेले, मग वाटलं दुसरा खांब नीट हलवला नाही, म्हणून परत आले. अनवाणी चाललेही. माती मऊ, दमट, स्वच्छ होती. आमच्या संघाची कप्तान, दहावीतली, लांब वेण्यांची, पायरीवर बसून हे बघत होती. खांबाजवळ सूर मारून गडी बाद करण्यात तिचा हात धरणारी तालुक्यात कुणी नव्हती. हे माझं नाही, भावाचं मत.

"अक्का, बसा की जरा," ती म्हणाली. "तुमच्याकडं बघून आम्हालाच दम लागून राहिलाय."

सकाळचे सामने ठीक झाले. पूजा मात्र अध्यक्षांच्या सोयीने ठेवली होती, अंतिम सामन्याच्या आधी. ते अकराला आले. पहिल्या फटक्यात नारळ फुटला नाही. दुसरा फटका त्यांनी इतक्या जोरात दिला की नारळाच्या चिरफळ्या झाल्या, पाणी खांबावर उडालं. टाळ्या पडल्या. "सर असते तर खूश झाले असते," कुणीतरी म्हणालं. शिपाईमामांनी खोबऱ्याचे मोठे तुकडे गोळा केले, प्रसाद वाटला. माझे डोळे भरून आले होते. फोटोकडे बघायला नको म्हणून मी मुलींकडे बघत राहिले.

मुली अंग मोकळं करत होत्या. सगळ्या अनवाणी. आमच्याकडे खो-खो तसाच खेळतात. कप्तान धावत आली, खांबाला हाताचा विळखा घालून गर्रकन वळली आणि तिचा पाय नेमका त्या दगडाशेजारी, ओल्या मातीत रुतला. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

त्याच मातीवर मघाशी चिरफळ्या उडाल्या होत्या. वही पिशवीत होती. मी उजव्या पानावरचा कागद काढून टाकला आणि मागची पानं उलटायला लागले. बऱ्याच मागे ते सापडलं. त्याचंच अक्षर, नेहमीपेक्षा बारीक.

'नारळ खांबाजवळ फोडू दिला. करवंटीचा तुकडा मातीत राहिला. नववीतली मुलगी, डावी टाच, तीन टाके. जखम भरली पण ती पुन्हा मैदानात आली नाही. चूक माझी.'

दोन्ही संघ रांगेत उभे राहत होते. पंचांनी शिट्टी ओठाला लावली होती. मी "थांबा" म्हणाले. वर्गात चाळीस मुलांना पुरणारा माझा आवाज मैदानावर पंचांपर्यंतही गेला नाही. मग मी चालत गेले आणि खांबाला पाठ लावून उभी राहिले.

"म्याडम, बाजूला व्हा," पंच म्हणाले. "काय झालं?"

"करवंटीचे तुकडे आहेत इथे. माती बघितल्याशिवाय सामना नाही."

"मामांनी उचलले की सगळे."

"खोबरं उचललं."

पंचांनी घड्याळ पुढे केलं. "बारानंतर सामना न्हाई, हे तुमच्याच कागदावर लिहून ठेवलंय. आत्ता सुरू न्हाई केला तर तीनला जाईल. पोरी दमतील, पलीकडच्या गावच्या पोरींची गाडी जाईल."

अध्यक्ष खुर्चीतून उठून आले होते. "सरांच्या नावानं फोडला म्याडम तो नारळ. त्याच्यात खोट काढून राहिलात?"

"नारळात खोट नाही," मी म्हणाले. "जागा चुकली. त्यांनी लिहून ठेवलं होतं, मी गाळलं."

त्यांनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी फाटकापर्यंत कशासाठी जावं लागलं होतं ते त्यांना आठवलं असावं. "मग त्या पोरानं तेव्हाच सांगायचं ना," ते पुटपुटले आणि खुर्चीकडे परत गेले.

कप्तान चिडली होती. "अक्का, आम्ही रोज काट्याकुट्यात चालतो. तुकड्यानं काय होतंय?"

मी वही तिच्यापुढे धरली. तिने ते पान वाचलं. ओठ हलवत, सावकाश. मग खांबाजवळ उकिडवी बसली आणि बोटांनी माती चाचपू लागली. तिच्यामागे तिचा संघ, मग दुसरा संघ. पलीकडच्या गावची एक बारकी मुलगी ओरडली, "ए, आमच्याकडचा तुकडा आमचा बरं का!" आणि सगळ्या हसल्या. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी तांदळाची चाळण आणून दिली. खांबाभोवतीची ओली माती आम्ही चाळली. सात तुकडे निघाले. एक तर नखाएवढाच, पण सुरीसारखा. ते मी रुमालात बांधले.

तोवर बारा वाजत आले होते. सामना तीनला गेला.

मी चपला काढल्या. भाऊ चालायचा तशी खांबापासून चालत निघाले, टाच आधी टेकवत. चौथ्या की पाचव्या पावलाला कळ मस्तकात गेली.

"सापडला!" कप्तान ओरडली. "अक्काच्या पायाला सापडला!"

नर्सबाई पहिल्या शिट्टीच्या आधीपासून हजर होत्या, तेवढं तरी मी बरोबर केलं होतं. त्यांनी तुकडा काढला, पट्टी बांधली आणि विचारलं, "पेशंट खेळाडू की शिक्षक, काय लिहू?" पंचांनीही तेवढ्यापुरतं हसून घेतलं.

तीनला सामना झाला आणि आम्ही दोन गुणांनी हरलो. कप्तानने खांबाजवळ तीनदा सूर मारला. दोनदा तिचा हात थोडक्यात चुकला. नंतर पाणी पिताना ती मैत्रिणीला म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "सकाळी खेळलो असतो तर जिंकलो असतो. खिचडी खाऊन कुणी पळतंय का?" कदाचित तिचं खरं असेल. नांदेडला जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं आणि तो सामना मी दुपारवर ढकलला. सकाळीच नारळ फाटकावर फोडला असता तर ना चाळण लागली असती, ना तीन वाजले असते. ती तिच्या गावच्या एसटीत चढली. पायरीवर चढताना मी तिच्या टाचा बघितल्या. मातीने भरलेल्या, धड.

घरी आले तेव्हा उन्हं अजून स्वयंपाकघराच्या ओट्यावर होती. तो बसायचा त्या स्टुलावर मी पाय टाकला आणि वही उघडली. उजव्या पानावर 'नंतर' लिहिलं. खाली लिहिलं: 'नारळ खांबाजवळ फोडू दिला. तुकडे आठ. सामना तीनला गेला, त्यामुळे मुली जड पायाने खेळल्या. डावी टाच, माझी. सरांची ओळ मी गाळली होती. चूक माझी.'

मग डाव्या पानाकडे वळले. 'नारळ गेटवर, मैदानात नाही' ही ओळ पुन्हा लिहिली आणि तिच्यापुढे 'कारण' असं लिहून त्या नववीतल्या मुलीची हकीगत दोन वाक्यांत घातली. भावाने कारणं सगळी उजवीकडे ठेवली होती आणि हुकूम डावीकडे. फक्त हुकूम वाचणारं माणूस माझ्यासारखंच करणार. उद्या नवा शिक्षक येईल, तोही डावी बाजूच वाचेल.

म्हणून पहिल्या पानापासून सुरुवात केली. पाणी सकाळी नको. कारण? उजवीकडे बघितलं. 'अक्का, आज एक घोळ झाला बघ' असं तिथे लिहिलेलं नव्हतं, पण मला ते ऐकू आलं. सकाळच्या पाण्याने चिखल झाला होता, एका मुलीचा घोटा मुरगळला होता. लिहिलं. जीपचा ड्रायव्हर. कारण? तेही लिहिलं. मध्येच वाटलं, उठून गॅस बंद आहे का बघावं. टाच टेकवत नव्हती. जागेवरूनच मान वळवून बघितलं, पण ओट्याच्या आडोशाने सिलिंडरचं बटण दिसेना. मग पुढचं पान उलटलं.