आपण आहोत की

शिवलीलाचा आवाज मी आधी ऐकला, तोंड नंतर पाहिलं. सोलापुरात नव्या पेठेतल्या एका मॅचिंग सेंटरच्या पायरीवर मी फॉल लावलेल्या साड्यांची पिशवी घेऊन उभी होते. आत लग्नसराईची गर्दी. त्या गर्दीतून कुणीतरी सांगत होतं, की हा चिंतामणी रंग नाही हो ताई, ह्यात मोरपंखी मिसळलाय, उजेडात चला, दाखवते. बायका बाजूला झाल्या आणि एक सावळी बाई एका हातात साडीचा पदर, दुसऱ्यात ब्लाऊजपीस धरून दारात आली. कपाळावर विभूतीची पुसट रेघ होती. ट्यूबलाइटखाली एकच वाटणारे दोन निळे रंग उन्हात वेगवेगळे झाले. मी रंग बघायचे सोडून तिचं बोलणंच ऐकत राहिले.

तो आवाज कसा आहे हे मला अजून नीट सांगता येत नाही. गाभाऱ्याच्या दाराशी गेलं की अंगाला गार लागतं, आणि गारवा कुठून येतो ते कळत नाही. तसं काहीसं.

पुढं कळलं की ती आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहते. ती आणि तिची आई मल्लव्वा, दोघीच. घरात दोघी कानडी बोलतात, बाहेर मराठी. लग्न एकदा झालं होतं, मोडलं. ती त्याबद्दल बोलत नाही, मी विचारत नाही. चौदा वर्षं दुकानात उभी राहून तिच्या पायाच्या शिरा दोरीसारख्या वर आल्यात. डॉक्टरांनी सांगितलं, बसून करायचं काम बघा. तेव्हा दुकानातल्या पूनमनं तिला सांगितलं की नुसत्या आवाजाचंही काम असतं. जाहिरातीला, गोष्टींना, फोनवरच्या सूचनांना माणसं लागतात. आधी आवाजाचा नमुना पाठवायचा. त्याला डेमो म्हणतात.

शिवलीलानं डेमो केला. पाच मिनिटांचा, नऊ आवाजांचा. पुण्याच्या एका स्टुडिओला आपल्या जिल्ह्यातल्या गरोदर बायकांसाठी फोनवर ऐकवायचे चाळीस निरोप बोलून घ्यायचे होते. तिथं तिनं तो पाठवला. तिथले ऋतुराज सर भले माणूस. त्यांनी उत्तर दिलं, की सगळं ऐकलं, पण ह्या नऊजणींत तुम्ही कोणत्या ते कळलं नाही. एका मिनिटाचा नवा नमुना शनिवारपर्यंत पाठवा, सोबतच्या कागदावरचा मजकूरही त्यात वाचा. त्यानंतर आम्ही कुणाला तरी ठरवून टाकू.

रविवारी संध्याकाळी ती फोन घेऊन माझ्याकडं आली. मी मशीन थांबवलं. सुरुवातीलाच घंटा वाजली आणि देवी बोलली. मग म्हातारी, लहान मूल, बातम्या देणारी, साबण विकणारी. मधे मधे बासरी, आणि सगळ्याच्या मागं गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट. मला गोड बोलता येत नाही. मी सांगितलं, की देवी नाटकातली वाटते, म्हातारी खोकते फार, आणि बातम्या देणारी बाई आपल्या सोलापूरची नाही.

"ती मीच आहे, वैनी," ती म्हणाली. "आठ वर्षं रोज टीव्ही ऐकून शिकलेय तसं बोलायला."

मग तिनं शाळेतली गोष्ट सांगितली. सातवीत वक्तृत्व स्पर्धेसाठी तिचं नाव दिलं होतं. सरावाला ती उभी राहिली आणि सगळ्या वर्गाला उद्देशून म्हणाली, "आम्ही सगळे मिळून गाव स्वच्छ ठेवूया." बाईंनी थांबवलं. विचारलं, आम्ही म्हणजे कोण गं? तुम्ही घरचे का? मग आम्ही इथं नुसतं बघत बसायचं का? वर्ग हसला. तिला काय चुकलं तेच कळेना. कानडीत दोन्हीला एकच शब्द, नावु. समोरच्याला धरून असलं तरी नावु, सोडून असलं तरी नावु. मराठीत त्याचे दोन तुकडे, आम्ही आणि आपण, आणि कुठला कुठं लावायचा हे तिच्या कानाला कधी उमगलंच नाही. नाव कापलं गेलं. तेव्हापासून ती भीतीनं सगळीकडं आपणच म्हणते. दुकानातसुद्धा गिऱ्हाइकाला म्हणते, आपण आठ वाजता दुकान बंद करतो. बाया मनातल्या मनात हसत असतील, असं तिला वाटतं.

"मला एकदा कुणीतरी मराठी आवाज म्हणून घ्यावं," ती म्हणाली. "एवढंच हाय."

पायाच्या शिरा राहिल्या बाजूला. खरी गोष्ट ही होती.

सोमवारी आम्ही सिद्धरामेश्वराच्या दर्शनाला गेलो. देवळाभोवतीच्या तळ्याच्या पाण्यावर ऊन झोपल्यासारखं पडलं होतं. परत येताना ती आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, की गिऱ्हाइकापुढं नऊ तागे टाकले तर ते गोंधळतं आणि काही न घेता जातं. तीनच टाकायचे. आणि पहिला तोच टाकायचा जो आपल्याला मनातून आवडलाय.

असे नवाचे तीन झाले. पहिला, दुकानात रंग समजावताना ती जशी बोलते तसाच. दुसरा, मल्लव्वा लहानपणी सांगायची त्या चिमणीच्या गोष्टीतल्या चार ओळी. तिसरा स्टुडिओचा कागद. घंटा गेली, बासरी गेली, देवीला हात जोडून निरोप दिला.

अडचण मागांची होती. आमच्या गल्लीत माग चालू असले की भिंतीसुद्धा बोलतात. पण गुरुवारी दुपारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, तेव्हा माग थांबतात. आम्ही त्या वेळेची वाट बघत बसलो. तिच्या पलंगाभोवती दोरी बांधून मी घरातल्या सहा चादरी टाकल्या. आत ती, मी आणि फोन. फोनवर सुती रुमाल, प आणि फ म्हणताना वारा लागू नये म्हणून. दोन वाजता लाईट गेली.

ती शांतता मी विसरणार नाही. एक माग थांबला, दुसरा थांबला, मग गल्लीच्या टोकाचा शेवटचा. गल्ली आहे की नाही तेच कळेना. चादरींतून येणारा उजेड लालसर, निळसर होऊन तिच्या गालावर पडत होता. सुताचा वास येत होता. आम्ही दोघी कुठल्या तरी मोठ्या पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वर जग चाललंय, असं मला वाटलं. चादरींच्या फटीतून मल्लव्वा दिसत होती. बाहेर उंबऱ्यावर बसून ती जप करत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता.

शिवलीला बोलू लागली. रंगांचं झालं. चिमणी झाली. मग मी समोर धरलेला कागद तिनं वाचला. नववा महिना लागला की कपड्यांची पिशवी भरून ठेवा. कार्ड त्यातच ठेवा. पोटात दुखायला लागलं तर एकट्या राहू नका, लगेच फोन करा. वाचता वाचता तिनं डोळे मिटले. शेवटची ओळ तिनं कागदाकडं न बघताच म्हटली.

"घाबरू नका. आपण आहोत की."

मी श्वास रोखून बसले होते. माझ्या हातातल्या कागदावर होतं, घाबरू नका, आम्ही आहोत. मी तिला बोट लावून दाखवलं. ती वाचत असतानाच लाईट आली आणि सगळे माग एकदम सुरू झाले.

तिचा चेहरा उतरला. सातवीतल्या मुलीचा झाला. म्हणाली, की बघा, आठ वर्षं टीव्ही ऐकून शेवटी तेच. वर तो आपला सोलापुरी 'की' पण. तो तर मी कधीच सोडला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं एक धाडस केलं. मालक गुरप्पा अण्णांकडं, तिथं पुन्हा वाचून घ्यायला, दुकानाची किल्ली मागितली. चौदा वर्षांत तिनं त्यांच्याकडं सुट्टीशिवाय काही मागितलं नव्हतं. अण्णा म्हणाले, बोल की बाई, तागे कुठं ऐकतात. पण तागे ऐकतात. शनिवारी सकाळी पेठ उघडायच्या आधी आम्ही आत गेलो तर चारी भिंतींवरच्या कापडानं आवाज पिऊन टाकला. तिथं तिनं कागद पुन्हा वाचला. अक्षर न अक्षर बरोबर. आम्ही आहोत. मी स्वतः कागदावर बोट ठेवून तपासलं.

तेवढ्यात पूनम आली. फोनवर आवाजाचे तुकडे कापून जोडायचं काम तिचंच होतं. पूनमला आठवा महिना लागला होता, माहेर लांब, उजनीच्या काठाला. शिवलीलानं तिला कापडाच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि म्हणाली, की दोन ऐकवते. कुठला बरोबर ते सांगू नकोस. नुसतं ऐक.

पहिल्यांदा शुद्ध वाचलेला लावला. पूनम म्हणाली, छान आहे, बँकेतून फोन आल्यासारखं स्पष्ट आहे.

मग गुरुवारचा लावला. पूनम ऐकत राहिली. संपल्यावर तिनं पुन्हा लावायला सांगितला. मग हळूच विचारलं, "अक्का, रात्री-बेरात्री फोन केला तर ही बाई खरंच उचलेल का?"

शिवलीला तिच्याकडं बघतच राहिली. पूनम तिला रोज बघत होती, तिच्या शेजारी उभं राहून कापड मोजत होती, आणि तो आवाज ऐकून तिला दुसरीच कुणीतरी जवळची बाई दिसली होती. मग पूनमच हसली, म्हणाली, काय वेडी मी, तुम्हीच की हो त्या.

मी मात्र माझं मत दिलं. चुकीचा पाठवू नकोस म्हटलं. परीक्षेत चूक माहीत असून कुणी तीच लिहितं का? तिनं मान हलवली. दुकानाच्या दारात गेली, उन्हात उभी राहिली. जणू हातात दोन निळे तुकडे आहेत आणि ती कुठला खरा ते बघतेय. मग तिनं पूनमला गुरुवारचा जोडायला सांगितला आणि दुपारच्या जेवणाआधी पाठवून दिला. मी मनात सिद्धरामाचं नाव घेतलं. दुसरं काय करणार होते?

संध्याकाळी मी पुन्हा दुकानात गेले होते. फोन आला तेव्हा ती एका गिऱ्हाइकाला डाळिंबी रंग दाखवत होती. मला आणि पूनमलाही ऐकू यावं म्हणून तिनं फोन गल्ल्यावर ठेवून मोठ्यानं लावला. ऋतुराज सर म्हणाले, की रंगांचं आवडलं, गोष्ट आवडली. मग त्यांनी विचारलं, ते शेवटी तुम्ही 'आम्ही'चं 'आपण' केलंय, ते मुद्दाम केलं का?

हो म्हणायला काय हरकत होती? मी तर मनात तिला म्हणत होते, म्हण बाई हो. सगळं चांगलं दिसलं असतं.

"नाही सर," ती म्हणाली. "चुकलं माझं. घरी कानडी बोलतो आम्ही, का आपण, ते बघा, आतापण कळेना. दुसरा बरोबर वाचलेला आहे, पाठवू का?"

डाळिंबी रंगवाली बाईसुद्धा पदर हातात धरून थांबली होती. शेवटी सर म्हणाले, की दुसरा नको. मजकूर डॉक्टरबाईंनी लिहिलाय, त्यांना विचारून ती ओळ मी बदलून घेतो. बाकीचे एकोणचाळीस मात्र कागदाप्रमाणे वाचायचे हं. आणि मग म्हणाले, "तर सोमवारपासून आपण सुरू करूया."

शिवलीलानं माझ्याकडं बघितलं. मग फोनजवळ वाकून अगदी हळू विचारलं,

"आपण म्हणजे सर, मला धरून ना?"